सड्यावरची दुसरी नजर

खाडीकडून सड्यावर चढणारा रस्ता आता डांबरी झालाय, पण शेवटचं वळण घेतलं की वास अजून तोच येतो. वाळलेल्या गवताचा, तापत चाललेल्या कातळाचा, आणि जानेवारी असेल तर खालच्या कलमांच्या मोहोराचा. ह्या वासाशी माझी चाळीस वर्षांची ओळख. परवाच्या रविवारी सकाळी मी गाडीची काच खाली केली, वास आत आला, आणि दरवेळी होतं ते काही झालं नाही. दरवेळी मला हायसं वाटतं. परवा मी काच परत वर केली.

शेजारी हसनचाचा बसले होते. मांडीवर जुनी दुर्बीण, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, दाढी नुकतीच नीट केलेली.

"आला काय गो सडा?" त्यांनी विचारलं.

समोर नुसता सडाच होता, सपाट माथ्याचं पठार. आभाळाला टेकेपर्यंत पिवळं गवत, मधेमधे काळा कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि लांबवर चिरेखाणीचा लाल उघडा काप. गाडीच्या काचेतून दुसरं काही दिसतच नव्हतं.

"आला, चाचा," मी म्हटलं. तीन हिवाळे मी जी गोष्ट झाकत आले होते ती आज उघडी पडणार, असं मला का कोण जाणे त्याच क्षणी वाटलं.

तशी मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी फिरणारी, मुलाचा फोन दोनदा वाजून बंद झाला की तिसऱ्या मिनिटाला देवाला नारळ बोलणारी. नवरा म्हणतो, तुला काळजीला विषय नसला तर त्याचीही काळजी लागते. पण परवाची काळजी उसनी नव्हती.

आम्ही चौघं. हिवाळ्यात महिन्यातला एक रविवार सड्यावर घालवायचा आणि दिसतील ते शिकारी पक्षी मोजायचे, हा आमचा परिपाठ. चिपळूणहून गोरे डॉक्टर येतात. ते दातांचे डॉक्टर, पण गळ्यात हातभर लांब कॅमेरा घालून आले की दातांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. नम्रता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात कडक, वही तिच्याकडे. मी शाळेत भूगोल शिकवते आणि सगळ्यांसाठी घावणे आणते. आणि चाचा आमचे गुरू. ऐंशीला टेकलेले. एकेकाळी खाडीतल्या सगळ्यात मोठ्या होडीचे तांडेल होते. सुकाणू त्यांच्या हातात आणि होडीवरच्या सगळ्यांचा जीवही.

आमच्या वहीचा एक नियम आहे. एकट्याने बघितलेला पक्षी वहीत जात नाही. पहिला ओरडतो, "दिसला!" आणि दिशा सांगतो. मग दुसऱ्या कुणीतरी तो आपल्या डोळ्यांनी शोधायचा आणि "दिसला" म्हणायचं. त्यानंतरच नम्रता लिहिते आणि पुढे दोघांची नावं घालते. बाहेरून कुणी पाहुणे पक्षीवाले आले की त्यांना हे फार शास्त्रीय वाटतं. हा नियम चाचांनी होडीवरून आणलेला आहे.

माझे वडील खाडीवरच्या, चाचांच्याच गावचे पोस्टमास्तर. धक्क्याला लागून पोस्टाची खोली, खोलीमागे आमचं बिऱ्हाड. माझं लहानपण डांबराच्या, काथ्याच्या आणि उन्हात टाकलेल्या सुकटीच्या वासात गेलं. पावसाळा संपत आला की होड्यांना माशाचं तेल चोपडत. तो वास आठ-आठ दिवस केसांतून जात नसे आणि शाळेत माझ्याशेजारी कुणी बसत नसे. मला त्याचं काही वाटायचं नाही. तेलाचा वास आला म्हणजे आता होड्या पाण्यात जाणार, पहाटे इंजिनांची टुकटुक सुरू होणार, पलीकडच्या मशिदीतली बांग आणि इंजिनं एकमेकांत मिसळणार आणि मी अंथरुणात पडून कुठलं इंजिन कुणाचं ते ओळखणार. चाचांचं इंजिन मधेच एक ठोका गाळायचं. तो गाळलेला ठोका ऐकल्याशिवाय मला पुन्हा झोप लागत नसे. तेव्हापासूनच मी अशी असणार.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा त्यांनी मला होडीवरून नेलं. लांब नाही, खाडीच्या तोंडापर्यंत. होडीच्या टोकावर एक माणूस उभा, मागे एक. पुढच्याने पाण्यावर पक्ष्यांची झुंबड बघितली, म्हणजे खाली मासे. तो ओरडला, "दिसला!" चाचांनी सुकाणू हलवलं नाही. मागचा डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. मला राहवेना; मासे पळून जातील असं वाटत होतं. मग मागचाही ओरडला, "दिसला!" आणि तेव्हा कुठे होडी वळली.

"तुम्हाला पण दिसलं होतं ना? मग का नाही वळवली?" मी विचारलं.

"दर्यावर माणसाला पायजे ते दिसतं, बाय," चाचा म्हणाले. "उन्हाची झळ असते, पोटात भूक असते. दुसऱ्यानं बगितल्याबिगर आपल्या डोल्यावर भरवसा ठेवायचा नाय. तांडेलानं तर बिलकूल नाय."

सडा त्यांनीच मला दाखवला. जुम्म्याला होडी बंद. दुपारची नमाज झाली की ते चढण चढून वर येत आणि मी त्यांच्या मागे. मरियमचाची फडक्यात सांदणं बांधून देत. अजून गरम असायची, फडकं दमट व्हायचं, आणि नारळाचा गोड वास चढणभर पुढेपुढे चालायचा. वर आलो की चाचा बोलायचं बंद करत. गवत तेव्हा माझ्या खांद्याला लागायचं. वारा आला की सगळा सडा एका बाजूला निजायचा आणि परत उठायचा, आणि त्या निजण्या-उठण्याच्या वर वीतभर उंचीवरून भोवत्या जायचा.

ज्यांनी बघितला नसेल त्यांना भोवत्या कसा सांगायचा? घारीसारखा तो उंच जात नाही. पंख किंचित वर धरून गवताला अगदी लागून तरंगतो, एकदा ह्या अंगाला कलतो, एकदा त्या. मादी मातकट. नर फिका राखी, जवळजवळ पांढरा, आणि पंखांची टोकं काळी. "तो बघ, धुतलेला शर्ट घालून आला," चाचा म्हणायचे. लांब उत्तरेकडच्या थंडीतून हे पक्षी इथे येतात हे मला खूप पुढे पुस्तकांतून कळलं. तेव्हा मला वाटायचं ते गवतातूनच उगवतात. कारण संध्याकाळी ते गवतातच परत जायचे. सूर्य बुडायला आला की ते चारी बाजूंनी यायचे, थोडा वेळ घिरट्या घालायचे, आणि एकेक करून गवतात, जमिनीवर, झोपायला उतरायचे. मी मोजायला लागायचे आणि चुकायचे. चाचा चुकायचे नाहीत. खाली उतरताना ते मला सांगत, किती नर, किती माद्या, आणि त्यातली एक जरा लंगडी कशी उतरली.

आता गवत माझ्या गुडघ्याला लागतं. मी वाढले हे खरं, पण तेवढंच कारण नाही. गावातल्या पिराच्या दर्ग्यामागे एक प्रचंड रायवळ आंबा होता आणि त्यावर समुद्र गरुडाचं घरटं. खाडीवरचे लोक त्याला काकण म्हणतात. पांढरं पोट, राखी पाठ, पंख पसरले की अंगणभर सावली. झाडाखाली माशांचे काटे आणि दर्यातल्या सापांची हाडं पडलेली असायची, कुजका खारट वास सुटायचा, आणि पहाटे नर-मादी दोघं मिळून असे ओरडायचे की पोस्टाच्या खिडकीचं तावदान थरथरायचं. तो आंबा नाही. मरियमचाची नाहीत. टुकटुकणारी ती इंजिनंही कुठे ऐकू येत नाहीत. काकणाची जोडी तर मी कित्येक वर्षांत बघितलेली नाही. हे सगळं गेलं तेव्हा मी काय करत होते, असा प्रश्न मला हल्ली पडतो. मला वाटतं मी दुसऱ्याच कशाची तरी काळजी करत होते.

आता तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. अशीच सकाळ, असंच ऊन. चाचा म्हणाले, "दिसला! भोवत्या, नर. त्या मोठ्या जाळीच्या डाव्या अंगाला, बसलाय." डॉक्टर आणि नम्रता लांब होते. मी दुर्बीण लावली. जाळीच्या डावीकडे करवंदीला खताची पांढरी पिशवी अडकलेली होती. वाऱ्याने तिचं एक टोक हलत होतं.

मी चाचांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. त्या हिवाळ्यातला तो पहिला नर होता ना. नम्रताने लांबून विचारलं, "दुसरं कोण?" आणि मी म्हटलं, "दिसला."

एवढंच. इतकं सोपं होतं ते. मी स्वतःला सांगितलं की एखादवेळी होतं असं, कुणालाही होतं. मग पुढच्या महिन्यात झालं. मग त्याच्या पुढच्या. सगळेच खोटे नव्हते हं. त्यांना बरेच पक्षी खरंच दिसायचे, विशेषतः समोरचे. पण बाजूने आलेला पक्षी त्यांना कळायचा नाही, आणि कळला नाही हे झाकायला ते कधीकधी भलत्याच जागी बोट दाखवायचे, आणि मी "दिसला" म्हणायचे. चढणीच्या दगडाला त्यांचा पाय अडकायला लागला. कोपरापाशी ठेवलेला चहाचा कप त्यांनी दोनदा सांडला. मी दोन्ही वेळा म्हटलं, माझाच धक्का लागला.

त्यांचा मुलगा इम्तियाज कुवेतला असतो. मागल्या वर्षी त्याचा मला फोन आला. "ताई, बाबांचे डोळे बरे हायत ना? फोनवर काय धड सांगत नाय." मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अरे, आमच्यापेक्षा बरे आहेत." आणि फोन ठेवून तासभर तिथेच बसून राहिले. चाचांकडून सडा गेला तर उरतं काय, एवढंच मला दिसत होतं. होडी गेली, चाची गेल्या, मुलगा लांब. महिन्यातला हा एक रविवार, आणि चौघांत त्यांचा मान. तो कुणी काढून घेऊ नये म्हणून मी जिवाच्या आकांताने राखत होते. मला वाटत होतं की राखतेय.

परवा सकाळी तसं काही बिघडलं नाही. नम्रताने आभाळात एक ठिपका दाखवला. चाचांनी दुर्बीण लावली आणि विचारलं, "एका जागी थांबून पंख मारतो काय?" नम्रता म्हणाली, "हो." "शेपूट पंख्यासारखी उघडली काय?" "हो." "खरुची," चाचा म्हणाले. बरोबर होतं. डॉक्टर म्हणाले, "वा, चाचा!" मी मात्र ऐकलं होतं. ते बघून सांगत नव्हते, विचारून सांगत होते. मग एक सापमार गरुड आला, तोही त्यांनी असाच विचारून ओळखला. प्रत्येक वेळी पक्षी वहीत जाईपर्यंत मी नम्रताच्या पेनाकडे बघत राहायचे.

दुपारी खाणीजवळच्या काजूखाली बसलो. घावणे, सुक्या जवळ्याची चटणी, डॉक्टरांच्या घरचं कोकम सरबत. चिरे कापायचं यंत्र रविवार असूनही चालू होतं आणि तांबडी धूळ घावण्यांवर येऊन बसत होती. नम्रता एकदम म्हणाली, "एक सांगायचं होतं. गवताचा हा एवढा पट्टा खाणीतून वगळावा म्हणून आपण अर्ज करतोय. मी त्याला आपली तीन हिवाळ्यांची वही जोडतेय. पक्ष्यांची अशी नोंद दुसऱ्या कुणाकडेच नाही. दोघांनी बघितलेलं, नावानिशी. कुणाला बोट ठेवायला जागा नाही."

डॉक्टरांनी सरबताचा पेला उंच केला. मी हातातलं घावणं परत डब्यात ठेवलं. तीन हिवाळे. त्या वहीत खताची पिशवी होती, माझ्या नावासकट. कुणी एकाने एक नोंद खोटी पाडली की अख्खी वही गेली, आणि वहीबरोबर हे गवत. मी चाचांकडे बघितलं. ते घावण्याचा तुकडा हातात धरून समोर बघत बसले होते, खात नव्हते.

"वही खरी पायजे," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतरची दुपार मला नीट आठवत नाही. मी नम्रताशी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पाण्याची बाटली मागितली. उन्हं कलली तसे आम्ही नेहमीच्या कातळावर जाऊन उभे राहिलो, भोवत्या झोपायला येतात ते बघायला. यंत्र थांबलं होतं. वारा पडला होता. खाली खाडीचं पाणी पितळी दिसत होतं.

"दिसला!" चाचा ओरडले.

आम्ही तिघंही दचकलो. इतक्या मोठ्याने ते किती वर्षांत ओरडले नव्हते.

"काकण! जोडी हाय जोडी. खाडीच्या तोंडाकडून, उन्हाच्या डाव्या अंगाला, उंच."

डॉक्टरांनी कॅमेरा उचलला. नम्रता पुढे आली. "काकणाची जोडी? चाचा, जोडी असली तर घरटं असेल, आणि घरटं असलं तर आपला अर्ज..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिने वही उघडली. मी दुर्बीण लावली. उन्हाची डावी बाजू, मग उजवी, मग वर, खाली. आभाळ स्वच्छ होतं. त्यात काहीही नव्हतं.

"मला नाही मिळत," डॉक्टर म्हणाले. "कुठे, चाचा?"

"हायत," चाचा म्हणाले. मान ताठ, हनुवटी वर, वाट बघत असल्यासारखे.

"दुसरं कोण?" नम्रताने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती. पेन कागदावर टेकलेलं होतं.

मला अजून कळत नाही मी ते कसं केलं. सकाळपासून घाबरून घाबरून माझ्यात विचार करायला काही उरलंच नव्हतं. चाचांची ती ताठ मान मला बघवेना.

"दिसली," मी म्हटलं. "जोडी आहे."

नम्रताने लिहिलं. डॉक्टर म्हणाले, "पुढे कड्यावरून मिळतील, चल," आणि ती दोघं गवतातून जवळजवळ पळतच गेली. कातळावर चाचा आणि मी.

पळणाऱ्या पावलांचा आवाज लांब गेला. मग चाचा हळूच म्हणाले, "बाय, तिथं काय नव्हतं."

मी दुर्बीण खाली घेतली.

"मना काय दिसलं नाय. मी उगीच ओरडलो. तू काय बोलतेस ते बगायचं होतं मना."

"चाचा, मी..."

"गेल्या म्हयन्यात इम्तियाज रजेवर आलेला. जबरदस्तीनं मना कोल्हापूरला डोले दाखवायला घेऊन गेला. काचबिंदू हाय. दोनी डोल्यांत. नलीतून बगतात ना, तेवढंच रायलंय मधी, आणि ते पण धुकट. डॉक्टर बोलला, गेलेलं परत येत नाय, रायलंय ते राखू." ते थांबले. "बोलला, दोन-तीन वर्सांआधी का नाय आलात? तवा आला असतात तर सगलं राखलं असतं."

खाली खाडीत एक होडी परतत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले.

"मी काय बोललो त्याला, म्हाईत हाय? पोरगा सारखा सांगायचा, डोले दाखवा, डोले दाखवा. पाय ठेचकालला तर मी बोलायचो, पाय म्हातारे झाले. कप सांडला तर तू बोललीस, तुझा धक्का. आणि सड्यावर तर मना सगले पक्षी दिसत होते. मी एकटा बगत नव्हतो. आमची बाय होती ना दुसरी."

मी रडायला लागले. रडताना मनात आलं ते सांगते, लाज वाटली तरी: त्यांना हे दिसत नसेल तर बरं. आणि लगेच कळलं की मी पुन्हा तेच करतेय.

"तुझे बाबा मना पत्रं वाचून दाखवायचे," चाचा म्हणाले. "मना मराठी अक्षर लागत नाय. भाईच्या मौतीचं पत्र आलं दुबईवरून, तवा पण त्यांनी पुरं वाचलं. मधी दोनदा चष्मा पुसला त्यांनी. पण एक शबूद गालला नाय."

मला ती दुपार आठवली. वडिलांनी मला आतल्या खोलीत पाठवलं होतं, तरी मी दाराआडून ऐकलं होतं. पत्र संपल्यावर दोघंही पोस्टाच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होते, आणि आईने दोन वेळा चहा नेला तो तसाच परत आला. मला तेव्हा वडिलांचा राग आला होता. थोडं कमी वाचलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटलं होतं.

"कुठले कुठले, सांग," चाचा म्हणाले.

मी सांगितले. मला सगळे पाठ होते. खताची पिशवी, मोठ्या जाळीच्या डावीकडे. कातळावरचा दगड, ज्याला ते ससाणा म्हणाले होते. नुसतं आभाळ, तीनदा. ते प्रत्येकाला मान हलवत होते. पिशवीला जरा हसलेही, पण आवाज फुटला नाही.

डॉक्टर आणि नम्रता परत आले ते हात हलवत. "नाही मिळाले," नम्रता म्हणाली. "पण तुम्ही दोघांनी बघितले म्हणजे..."

"नाही बघितले," मी म्हटलं. "आम्ही कुणीच नाही. चाचांना दिसत नाही, नम्रता. मला तीन वर्षं माहीत होतं. मी खोटं 'दिसला' म्हणत आले."

तिने माझ्याकडे बघितलं, मग चाचांकडे. कडक पोरगी, पण तिने पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. मग तिने वही उघडली. "मग तुमच्या दोघांच्या नावांची सगळी पानं काढावी लागतील," ती हळू आवाजात म्हणाली. "खरी असली तरी. कुठली खरी ते आता कसं सांगणार?"

"काड," चाचा म्हणाले. "सगली काड."

डॉक्टर पाठ वळवून कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. कुणी कुणाला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

सूर्य पाण्याला टेकला होता. आणि तेव्हा तो आला. खाणीच्या बाजूने, गवताला लागून, पंख किंचित वर, एकदा ह्या अंगाला कलत, एकदा त्या. फिका राखी, टोकं काळी. मी दोनदा डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. पिशवी नव्हती, दगड नव्हता. नर होता.

"दिसला!" मी ओरडले. "भोवत्या, नर! खाणीच्या कडेकडून उजवीकडे, गवतावर, अगदी खाली."

चाळीस वर्षांत माझ्या "दिसला"नंतर दुसरी नजर नेहमी चाचांचीच असायची. परवा त्यांनी मान वळवली ती डॉक्टरांकडे.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुमाला दिसला काय?"

डॉक्टरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. नम्रता डोळ्यांवर हात धरून शोधत होती. "थोडं डावीकडे," मी म्हणत होते, "जाळीच्या अलीकडे, आत्ता वळला, आत्ता वळतोय बघा." भोवत्याने एक घिरटी घातली. मग दुसरी. मग पाय खाली सोडले आणि तो गवतात उतरला.

"नाही मिळाला," डॉक्टर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "ऊन फार आहे."

नम्रता पेन धरून चाचांकडे बघत होती.

"मग लिवू नको," चाचा म्हणाले, आणि माझा खांदा चाचपून त्यावर हात ठेवून उतरायला लागले. परवाच्या वहीत तो भोवत्या नाही.